‘ताई, ॲव्हरेज काय देते?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, पण विचारणारे तुम्ही पहिले नाही. कंपनीच्या गेटवरचे वॉचमनकाका विचारतात, नणंदेच्या यजमानांनी विचारलं, आणि गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुलाने तर वही-पेन घेऊनच विचारलं: रोज लांबचं जाणं-येणं आहे, खिशाला परवडेल आणि अंगही मोडणार नाही अशी गाडी कुठली घ्यावी? मी साताऱ्याहून शिरवळच्या एमआयडीसीत रोज गाडी चालवत जाते, सात वर्षं झाली. त्यामुळे मला गाड्यांमधलं कळतं असा एक समज पसरलाय. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. रस्ता मात्र पाठ आहे, आणि पाठ कशी दुखते तेही याच रस्त्याने शिकवलं.

आधी थोडी आकडेमोड. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३,०००. वर्षाला ३६,०००. तुमचा असा आकडा आधी कागदावर काढा. ज्यांची गाडी वर्षाला दहा-बारा हजार पळते, त्यांचे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत. मारुतीची वॉरंटी सध्या ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. आपले लाख पावणेतीन वर्षांतच भरतात. सर्व्हिसिंग दर दहा हजाराला म्हटलं तरी वर्षातून तीन-चारदा. आणि विकायला काढली की घेणारा आधी मीटर बघतो, मग आपल्याकडे बघतो. म्हणून हौसेची भारी गाडी या रस्त्यावर झिजवू नये असं माझं मत. हौस असेल तर ती रविवारसाठी ठेवावी.

माझी पहिली गाडी मी ॲव्हरेज बघून घेतली. नाव घेत नाही, कारण दोष गाडीपेक्षा माझ्या घाईचा होता. आमच्यात तेव्हा ती सगळ्यात जास्त ‘द्यायची’. सीट कमी-जास्त उंच करायची सोय फक्त वरच्या मॉडेलला होती. मी मधलं घेतलं, वाचलेल्या पैशांत सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिम बसवली, आणि खूश झाले. माझी उंची ५ फूट १ इंच. समोरचं नीट दिसावं म्हणून मी स्टिअरिंगला चिकटून, मान पुढे काढून बसायचे. मांडीखाली सीट अर्धवटच यायची. सहा महिन्यांनी कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आली, वर्षभराने बुडाखाली उशी आली, दीड वर्षाने मी फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर पालथी पडले होते. त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “गाडी चालवताना डावा पाय कुठे असतो?”

मला सांगताच येईना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष दिलं. पाय कुठेच नव्हता! क्लचच्या वर बोटभर अंतरावर अधांतरी, जाताना तासभर आणि येताना तासभर. कारण क्लचच्या डाव्या बाजूला पाय टेकवायला जागाच नव्हती. ज्याला डेड पेडल म्हणतात, ती चार बोटांची उतरती फळी. माहितीपत्रकात तिचा उल्लेख कुणी करत नाही, आणि शोरूममध्ये मीही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी गाडीत बसायला सांगते. टेस्ट ड्राइव्ह म्हणून शोरूमवाले चौकाला वळसा घालून आणतात, तेवढ्यात कुठलीही गाडी बरीच वाटते. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी हट्टच धरला की आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडपर्यंत जाऊन यायचं. बरोबरच्या मुलाचा चेहरा पडला, पण आला बिचारा. ऑफिसला जाताना घालते तीच चप्पल घातली होती, दुपट्टाही तोच. परत आल्यावर लगेच उतरले नाही, पार्किंगमध्येच अर्धा तास बसून राहिले. चांगल्या सीटवर पहिली दहा मिनिटं काही खास वाटत नाही, आणि चाळिसाव्या मिनिटालाही काही वाटत नाही. बसल्याबसल्या सोफ्यासारखी मऊ वाटणारी सीट हायवेला दगा देते; जरा कडक बरी. अशा चार गाड्यांमध्ये बसून पाचवी घेतली. सीट वर होते, डावा पाय टेकतो. बाकी आवडीनिवडी नंतर.

आता तिचं नाव विचाराल, तर ते सांगून उपयोग नाही. माझ्या ५ फूट १ इंचाला बसलेली सीट तुमच्या उंचीला बसेलच असं नाही. त्याचा किस्सा शेवटी सांगते.

आरामाबद्दल आणखी एक, फक्त आपल्या रस्त्याचं. सकाळी साताऱ्याहून उत्तरेकडे जातो तेव्हा ऊन पूर्वेकडून, म्हणजे उजवीकडून. संध्याकाळी दक्षिणेकडे परततो तेव्हा ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा उजवीकडून. चालवणारा दोन्ही वेळा उन्हात. माझा उजवा हात डाव्यापेक्षा काळा झालाय. लग्नाकार्यात बांगड्या भरताना ठळक दिसतं. तर एसीचा झोत उजव्या जाळीतून नीट येतो का, हे एप्रिल-मेमध्ये दुपारी बघा. शोरूमच्या सावलीत सगळेच एसी गार असतात.

बरं, आता ॲव्हरेज.

आमच्या वडिलांच्या वेळचा नियम होता, रोजचं शंभरच्या वर असेल तर डिझेल घ्या. तो आता मोडीत निघाला. एप्रिल २०२०ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या, आणि लहान गाड्यांमध्ये डिझेल जवळजवळ उरलं नाही. उरलं पेट्रोल, सीएनजी आणि वीज.

हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरा. पेट्रोलवर हायवे आणि घाट मिळून १८चं ॲव्हरेज पडलं तर महिन्याचे साडेसतरा हजार जातात. सीएनजीवर २५ पडलं तर अकरा हजार. फरक साडेसहा हजारांचा. सीएनजी मॉडेलला ९० हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागले तर सव्वा वर्षात वसूल. हाच हिशेब महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा मांडला तर साडेतीन वर्षांच्या आसपास जातो. म्हणून नणंदेच्या यजमानांना मी साफ सांगितलं, भावोजी, तुमचं ऑफिस इथेच साताऱ्यात पोवई नाक्यावर; तुम्ही कशाला सिलिंडरपायी डिकी घालवताय?

कंपन्यांचे आकडे याहून मोठे असतात. नव्या डिझायरचं सीएनजीचं ३३.७३ आहे, वॅगन आरचं ३४ च्या वर. खोटे नाहीत, पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिथे खंबाटकी घाट नाही, वाईकडे वळणाऱ्यांनी सुरूर फाट्यावर केलेली कोंडी नाही, आणि हंगामात भुईंजजवळ दोन ट्रॉल्या ओढत, मागे एक लाल दिवा नसताना चाललेला उसाचा ट्रॅक्टरही नाही. (तो दिसावा म्हणून हेडलाइट चांगले असलेली गाडी घ्या. ॲव्हरेजपेक्षा महत्त्वाचं.)

शिवाय वाचलेल्या पैशांत रांगेचा वेळ कुणी धरत नाही. लहान गाडीच्या टाकीत आठेक किलो गॅस बसतो, त्यात २०० किलोमीटर. म्हणजे तीन दिवसांत दोनदा पंप. संध्याकाळी सात वाजलेत, पोटात कावळे, पुढे अठरा गाड्या. नंबर आला, सगळे खाली उतरले, आणि पाइप लावणारा मुलगा म्हणतो, “प्रेशर नाही ताई, १६०लाच थांबतंय.” टाकी भरायची २०० बार दाबाला, १६०ला थांबली म्हणजे आठाऐवजी साडेसहा किलो. उद्या परत रांग. मी आता सकाळी पावणेसातला घराबाहेर पडते आणि भरते. गर्दी नसते, प्रेशर असतं. आणि टाकी दर वेळी सारखी भरत नसल्यामुळे एका भरण्यावर ॲव्हरेज काढू नका. दहा भरण्यांचे किलो आणि किलोमीटर एकदम मांडा, मगच गावभर सांगा.

घाटाचंही बघून घ्या. माझी इतकी वर्षं सकाळी बोगदा आणि संध्याकाळी चढ, अशीच गेली. सीएनजीवर इंजिनाची ताकद उतरते. डिझायरचंच घ्या, पेट्रोलवर ८२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि सीएनजीवर ७०. आमच्या गाडीत आम्ही चौघं असतो, वर्गणी काढून. त्यातले अकाउंट्समधले काका मागे बसल्याबसल्या झोपतात ते चढाला गिअर पाडला की उठतात, “आलं का खंडाळा मागे?” म्हणतात आणि परत झोपतात. चढ लागायच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर घ्यायचं, वर आलं की परत गॅसवर. रोजचे पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर गेले तर जाऊ देत.

सीएनजी किटबद्दल एकच सांगते. पहिल्या गाडीला मी बाहेरून बसवून घेतलं होतं. पावसात पाचवडजवळ पंक्चर झाली तेव्हा कळलं की स्टेपनी सिलिंडरच्या खाली अडकलीये. सिलिंडर सोडवायला मेकॅनिक येईपर्यंत सव्वा तास छत्री धरून उभी. तेव्हा कुठलीही सीएनजी गाडी बघायला गेलात की स्टेपनी तुमच्या देखत काढून दाखवायला सांगा. टाटाने २०२३पासून एकाऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, त्यात सामानाला जागा उरते. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी असते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विजेची गाडी? ज्याला घरी चार्ज करायची सोय आहे त्याने आधी तीच बघावी, असं मी सीएनजीवाली असून सांगते. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर १२० किलोमीटरला १७ युनिट. बारा रुपयांनीही धरलं तरी दोनशेच्या आसपास. सीएनजीला तेवढ्याच अंतराला साडेचारशे जातात आणि पेट्रोलला सातशे. क्लच नाही, घाटात धाप नाही. वीजबिल वरच्या स्लॅबमध्ये जातं तेवढं लक्षात ठेवा. मी घेतली नाही कारण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग पलीकडच्या टोकाला, आणि सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या तरी वायर कुठून न्यायची यावर एकमत नाही. चौथ्या मीटिंगला पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि आमची वायर तिथेच बुडाली.

टोलचं पटकन. नॅशनल हायवेचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ला निघाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होता, म्हणजे नाक्याला १५ रुपये. फक्त आपल्यासारख्यांचा ‘वार्षिक’ पास शंभर दिवसांत संपतो. वर्षाचे तीन धरून चाला. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्थानिक मासिक पास मिळतो, त्यात बसत असाल तर आधी तो विचारा.

एवढं सगळं करून गाडी घेतली आणि पाय ताब्यात नसला तर पाण्यात. मी एकदा दोन आठवडे काटा ८०वर ठेवला आणि पुढचे दोन आठवडे १००वर. ८०ला किलोला २७ पडले, १००ला साडेबावीस. वेळ किती वाचला? साठ किलोमीटरला कागदावर नऊ मिनिटं. प्रत्यक्षात तीही नाहीत, कारण मला कापून पुढे गेलेली पांढरी गाडी टोलनाक्यावर माझ्या शेजारच्याच रांगेत उभी असते. टायरमधली हवा दर सोमवारी बघते. हवावाल्याला सांगायचं की दाराच्या आतल्या स्टिकरवर आहे तेवढीच भर, अंदाजाने नको.

आता त्या वहीवाल्या मुलाचं. त्याने वहीत रकाने आखले होते: किंमत, ॲव्हरेज, मेंटेनन्स, रिसेल. दहा गाड्यांची नावं. माझ्या गाडीचंही होतं, आणि बाकीच्या आकड्यांत तीच पहिली येत होती. मी म्हटलं, शनिवारी परत येताना तूच चालव. तो सहा फुटी. सीट पूर्ण मागे घेतली तरी गुडघे स्टिअरिंगच्या आसपास. घाट चढला, भुईंज गेलं, आनेवाडी ओलांडली. लिंब फाट्याशी त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकला.

“ताई, ही नको,” म्हणाला.

बॉनेटवर वही ठेवून त्याने किंमतीच्याही आधी एक नवा रकाना आखला आणि वर काय लिहावं म्हणून पेन धरून उभा राहिला. मागची काच खाली झाली.

“कंबर लिही,” काका म्हणाले, आणि काच वर केली.