डब्यातली जास्तीची भाकरी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर कासार तालुक्यातली गावं ओस पडू लागतात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडणीच्या जोड्या, उसाच्या फडावर जातात, मागं उरतात म्हातारी माणसं. त्यांतल्या ४० जणांना आमची संस्था रोज एक वेळचा डबा पोचवते, एका कंपनीच्या सीएसआर निधीतून. हिशेब माझ्याकडे.

कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं, मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकामावर खर्चावेत; हाच सीएसआर. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. उसाचा हंगाम त्या तारखेला विचारत नाही, त्यामुळे आमचा मार्च कायम धावपळीचा.

यंदा तपासणीला कंपनीच्या मॅडम आल्या तेव्हाही तेच चाललं होतं. रजिस्टर, व्हाउचर, आठवडी बाजारातल्या भाजीच्या चिठ्ठ्या (पक्कं बिल देतंय कोण तिथं?) सगळं पाहून झालं. मग म्हणाल्या, "चला, एका घरी जाऊ."

पत्र्याच्या खोलीत आजी डबा उघडून बसल्या होत्या. शेजारी सहा-सात वर्षांचा नातू जेवत होता. माझ्या पोटात गोळा आला. अर्जात मीच लिहिलं होतं : लाभार्थी, वय ६० पूर्ण.

"आजी, पुरतो का डबा?"

"मला पुरतो की, माय. ह्याला न्हाई पुरत."

"मग तुम्ही जेवलात?"

"जेवले की मघाशीच." आजींचा हात कोरडा होता.

तोडणीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह गावात यंदा सुरूच झालं नव्हतं. मुलं फडावर न्या, नाहीतर आजीपाशी ठेवा.

जीपमध्ये मॅडमनी सरळ विचारलं, "असे किती डबे?"

"मोजले नाहीत."

"ज्वारीचं पीठ ४० माणसांच्या मानानं जास्त लागतंय. रजिस्टरमध्येच दिसतंय."

खोटं फार वेळ टिकलं नाही. दिवाळीपासून स्वयंपाकाच्या ताई काही डब्यांत जास्तीची भाकरी घालत होत्या आणि मी ती पिठाच्या हेडमध्ये (खर्चाच्या सदरात) जिरवत होतो. "अकरा," मी म्हणालो.

"अहवालात लिहावं लागेल मला." थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "नव्या अर्जात मुलांचा हेड वेगळा दाखवा. नावांसकट. उद्या सकाळपर्यंत पाठवा, मी पुढे ठेवते."

रात्री ताईंना फोन लावला. वही-बिही काही न उघडता त्यांनी नावं सांगितली. मी अकरा ओळी आखून बसलो होतो, ताईंनी तेरा नावं सांगितली.