विंग फॉइलचा बोर्ड घरी बनवताना सगळा जीव फॉइल बॉक्समध्ये

विंग फॉइलमध्ये हातातल्या फुगवलेल्या विंगने वारा पकडायचा आणि बोर्डाखालचा पाण्यातला पंख, म्हणजे फॉइल, बोर्ड वर उचलतो. असा बोर्ड घरी बनवायला घेतलेले लोक आठवडाभर नाकाचं वळण घासत बसतात आणि फॉइलचे बॉक्स (फॉइल बोल्टने जिथे बसतं ते तळातले खाचेचे ट्रॅक) एका संध्याकाळी उरकतात. खरं तर वेळ नेमका उलटा वाटायला हवा. बोर्ड पाण्यावरून उचलला की अंगाचं सगळं वजन चार एम8 बोल्टांवर येतं, आणि खालचा 75-80 सेंमीचा मास्ट (बोर्ड आणि फॉइल जोडणारा खांब) तरफेसारखा ते बॉक्स उपटू बघतो.

आधी आकारमान ठरवा. शिकाऊ माणसाने आपल्या वजनात 20 ते 30 लिटर मिळवावेत; 75 किलोच्या माणसाला 95 ते 105 लिटर झाले. 168 × 69 × 12 सेंमीच्या ठोकळ्याचे 139 लिटर होतात. कोपरे आणि कडा उतरवल्यावर त्यातले साधारण 68 टक्के उरतात, म्हणजे 95 लिटर.

गाभा थर्माकोलचाच, पण पॅकिंगचा भुसभुशीत नको. इन्सुलेशनच्या मालात घनमीटरला 20 किलो घनतेचा अखंड ब्लॉक मागा. तक्ते चिकटवून जाडी वाढवणार असाल, तर गोंदाची रेघ हॉट वायरच्या (फोम कापणाऱ्या तापलेल्या तारेच्या) वाटेत येऊ देऊ नका. तार तिथे अडते आणि शेजारचा फोम वितळून खड्डा पडतो. रेझिन फक्त इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं, आणि अॅसिटोनही तेच करतं.

आकारात थोडं इकडेतिकडे चालतं. मधला 90 सेंमी भाग सपाट, नाक 7-8 सेंमी वर. खालच्या कडा मात्र तिरप्या कापाच, म्हणजे बोर्ड पाण्याला टेकला तरी चिकटून न बसता पुन्हा सुटतो.

आता बॉक्स. 10 इंची दोन ट्रॅक, मध्यापासून मध्यापर्यंत 90 मिमी. ज्या बोर्डवर तुमचा तोल नीट बसतो, त्यावर मागच्या पायापासून मास्टपर्यंतचं अंतर मोजा आणि तीच जागा ट्रॅकच्या मध्यावर येऊ द्या, म्हणजे पुढे-मागे सरकवायला वाव राहतो. थर्माकोलमध्ये ट्रॅक थेट बसवले तर ते काही दिवसांत हलायला लागतात. त्यासाठी घनमीटरला 80 किलो घनतेच्या पीव्हीसी फोमचा ठोकळा तळापासून डेकपर्यंत (बोर्डाच्या वरच्या बाजूपर्यंत) आरपार घाला आणि त्याभोवती काचकापडाचा एक थर गुंडाळा. असं केलं की भार तळ आणि डेक दोघांत वाटला जातो.

राउटरने (खाचा पाडायच्या यंत्राने) खाच ट्रॅकपेक्षा चारी बाजूंनी 1 मिमी मोठी घ्या. भरायला इपॉक्सीत सिलिका आणि कापलेले काचधागे कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करा. नुसतं रेझिन खोल खाचेत ओतलं तर ते तापतं आणि भोवतालचा फोम वितळवतं. रेझिन सुकेपर्यंत दोन्ही ट्रॅक 90 मिमीवर भोकं पाडलेल्या जाड प्लायला बोल्टने बांधून ठेवा, बोल्टांना मेण लावून. प्लाय मध्यरेषेशी काटकोनात आहे ना, ते दोन्ही टोकांपासून नाकाच्या टोकापर्यंत मोजून बघा. एक अंश जरी वाकडं बसलं, तरी फॉइल एकीकडे जातं आणि नाक दुसरीकडे बघतं. हे नंतर दुरुस्त होत नाही. शेवटी ट्रॅकच्या कडांवरून कापडाचे दोन थर.

काचकापड चौरस मीटरला 200 ग्रॅमचं: तळाला दोन थर, डेकला तीन, पायांच्या जागी आणखी एक. रेझिन कापडाच्या वजनाइतकंच. एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. कापड लावण्याआधी मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची हलकी पूड) घातलेलं रेझिन स्क्वीजीने (रबरी पट्टीने) फिरवून थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटी बुजवा. काम संध्याकाळी करा. सकाळी तापमान चढत असताना थर्माकोलमधली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे येतात. व्हॅक्यूम लावणार असाल तर 0.3 बारच्या आसपास थांबा, नाहीतर गाभा चेपतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर तेलकट साय येते. ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊनच पॉलिशपेपर फिरवा. आधी घासलं तर ती आत दाबली जाते आणि पुढचा थर सुटतो.

डेकवर व्हेंट (आतल्या हवेला वाट देणारं छोटं भोक) हवाच, आणि रंग पांढरा. पहिल्यांदा पाण्यात नेण्याआधी बोर्डाचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. महिन्याने पूर्ण कोरडा करून पुन्हा तोला. 100 ग्रॅम वाढले असतील तर पाणी शिरतंय. शोध ट्रॅकच्या कडांपासून सुरू करा.