शिमीचं कीर्तन आणि रिकाम्या खुर्च्या

भस्म बुधवारी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारसभा सुरू होतात. प्रारंभीची प्रार्थना, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचं स्वागत, गेल्या वर्षीच्या हिशेबावर एक प्रश्न (दरवर्षी तोच भाऊ विचारतो). नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत हे असंच चालतं, म्हणून ते सोडून देते.

सांगायचंय ते गुरुजींच्या बुधवारचं. तो ‘अपमान आणि क्षमा’ या विषयासाठी राखलेला, आणि त्या दिवशी प्रवचन नाही, कीर्तन. आमच्या भागाला ख्रिस्ती कीर्तन नवं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही कीर्तनं केली, आणि आजही पेटी उघडली की पहिलं भजन त्यांचंच निघतं. गुरुजी म्हणजे निवृत्त शाळामास्तर. पूर्वरंगाला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय: उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे कर. पुढच्या रांगेतलं एखादं पोरगं उभं करतात आणि विचारतात, “हात माझा उजवा, गाल तुझा उजवा. सांग, कशी मारू?” पोरगं गोंधळतं. मग गुरुजी पालथा हात हवेत फिरवतात. अशी चपराक मालक गड्याला मारतो. लागावं म्हणून नाही, पायरी कळावी म्हणून. प्रभू येशू इथे अपमानाबद्दल बोलतोय, हे पोरांना तेवढ्यात समजतं. मोठ्यांना समजलंय का, ते पंचांच्या बैठकीत दिसतं.

उत्तररंगात जुन्या करारातला दावीद राजा. मुलगा अबशालोम उलटलाय, राजा यरुशलेम सोडून अनवाणी निघालाय. बहूरीमपाशी आधीच्या राजाच्या, शौलाच्या कुळातला शिमी त्याला शिव्या देतो, धोंडे मारतो, धूळ उडवतो. दावीदाचा सरदार अबीशय तलवारीला हात घालतो. गुरुजी त्याला अस्सल नगरी बोलीत उभा करतात, “महाराज, ह्या मेल्या कुत्र्याचं मुंडकंच उडवतो की!” सगळी सभा हसते. दावीद म्हणतो, देऊ दे शिव्या. पुढे राजा परत येतो तेव्हा शिमी यार्देनेपाशी पाया पडतो, आणि राजा शपथ घेऊन त्याला जीवदान देतो. झांजा वाजतात.

बहुतेक वक्ते इथेच थांबतात. बाहेरून आलेले तर हमखास. गुरुजी मात्र तबला थांबवतात आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडतात. मरणाच्या अंथरुणावर दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला सांगतो, त्या शिमीला विसरू नकोस, त्याचं पिकलं डोकं रक्ताने माखून अधोलोकी पाठव. इतकी वर्षं! गुरुजी एवढंच म्हणतात, “ओठांवर सोडलं, पोटात ठेवलं.” मग पेटीशिवाय, साध्या आवाजात लूकच्या शुभवर्तमानातलं, वधस्तंभावरच्या येशूचं वचन: “हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.” त्यावर भाष्य करत नाहीत. दरवर्षी माहीत असूनही माझा गळा इथेच दाटतो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यात हेच वचन पहिलं असतं, पण तेव्हा मी घड्याळ बघत असते. खरं ते सांगितलं.

कीर्तनानंतर साक्षी, म्हणजे एकेकाने उठून आपला अनुभव सांगायचा. बहुतेकांच्या साक्षीत सगळं आधीच मिटलेलं असतं: राग आला, प्रार्थना केली, राग गेला. आमच्या सिस्टरबाई, आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, त्या उठून दरवर्षी एकच वाक्य बोलतात, “अजून मला पुरतं जमलेलं नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा,” आणि बसतात. कोणी काय बोललं होतं, कधी, ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा असं प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला का म्हणाला असेल, ते मला त्यांच्याकडे बघून उमगतं. त्याच त्या अपराधाची क्षमा पुन्हा पुन्हा करावी लागत असणार.

आणि एवढं ऐकायला माणसं किती? पन्नासेक. मुंबईचा वक्ता आला की खुर्च्या पुरत नाहीत, ईस्टरच्या प्रभातफेरीला नवे कपडे घालून अख्खी मंडळी हजर. गुरुजींच्या बुधवारी मात्र कोणाची ट्यूशन, कोणाची मॅच. तरुण संघाबद्दल लिहिणार नाही, लेंट आहे.

आभारात यंदा नावं नाहीत. मागच्या अहवालात एक नाव राहिलं आणि क्षमेच्या सभेवरून दोन घरं ईस्टरपर्यंत बोलत नव्हती. म्हणून कामांवरून सांगते: पेटीवाले काका, तबल्यावरचा कॉलेजचा मुलगा, झांजांच्या दोघी बहिणी, सतरंज्या झटकणारे आजोबा, माइकची वायर दरवर्षी नव्याने जोडणारे मामा, उपास असूनही सगळ्यांसाठी पोहे करणाऱ्या महिला मंडळाच्या काकू, कप विसळणाऱ्या त्यांच्या सुना (तिघीही), पाळकीणबाई, लांबच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना आणणारे रिक्षावाले दादा, लाइट गेल्यावर बॅटरी धरून उभी राहिलेली संडे स्कूलची पोरं. शिवाय पाण्याचे जार पोचवणारा तो तरुण. तो आमच्या मंडळीतला नाही, पण जार ठेवून शिमी संपेपर्यंत दारात थांबतो. यंदा त्याच्यासाठी पुढची खुर्ची ठेवायची, असं पंचांना सांगून ठेवलंय. रिकाम्या आहेतच.