यूविना क्यू, नोंद सातवी: क़ाफ सापडला, किस्मत हुकली

रविवारी स्क्रॅबलच्या डावात माझ्या रॅकवर क्यू, आय, एस, ए, टी होते आणि पटावर एम मोकळा. क्यू-आय-एस-एम-ए-टी, म्हणजे किस्मत, लावला. गुण दुप्पट करणाऱ्या डबल वर्ड घरावर १७ चे ३४. समोरच्या दादांनी क्षणभर पाहिलं आणि चॅलेंज केलं. शब्द कॉलिन्सच्या, म्हणजे स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या, यादीत नाही. टाइल्स उचलल्या, गुण शून्य. पुढच्या फेरीत क्यू-ए-टी-एस लावून १३ वर भागवलं, आणि डाव १९ गुणांनी गेला.

फोनी, म्हणजे यादीत नसलेला शब्द, पडण्याची सवय आहे. पण हा शब्द मी अंदाजाने लावला नव्हता, नियमाने लावला होता: मूळ अरबी-उर्दू शब्दात क़ाफ हे अक्षर असेल, तर इंग्रजीत क्यू. दोन आठवडे ज्या नियमावर विसंबलो, तोच ऐन वेळी मोडला.

मागच्या नोंदीत जे आणि झेडच्या पाच अक्षरी याद्या पाठ झाल्याचं लिहिलं होतं. क्यूच्या मागोमाग यू नसलेले शब्द अडले होते ते आपल्या कानामुळे. फकीर, नकाब, बुरखा, तलाक हे शब्द लहानपणापासून ओळखीचे, पण मराठीत ऐकू येतो तो क किंवा ख. इंग्रजीत तिथे क्यू चालतो की फक्त के, हे कान सांगत नाही. अल्फाग्राम, म्हणजे शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून, घोकले, ए-एफ-आय-क्यू-आर म्हणजे फकीर, ए-बी-आय-एन-क्यू म्हणजे नकाब. चार दिवसांनी सगळं पुसलं जायचं.

मग जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. सरांनी वहीच्या पानावर दोन अक्षरं काढली. एकावर दोन ठिपके, तो क़ाफ. दुसरा साधा काफ. म्हणाले, ‘कलमचा क खोल, पडजिभेपाशी. कागदचा क अलीकडे. दोन्ही म्हणून बघा.’ दहा-बारा वेळा म्हणून घेतले तेव्हा कुठे फरक लागला. हिंदीत काही जण क खाली ठिपका, म्हणजे नुक्ता, देऊन हा फरक दाखवतात, आपण मराठीत तो सोडून दिला. माझी सगळी अडचण त्या एका ठिपक्यात होती.

फकीर, नकाब, तलाक, बुर्का, वक्फ, किब्ला, कोरमा, सगळे क़ाफवाले आणि सगळे क्यूने चालतात. उलट वकील आणि कबाब साध्या काफचे, म्हणून व्ही-ए-के-आय-एल चालतो पण त्यात क्यू कधीच नाही. परत येताना काझीची गढी दिसली आणि तिथेच थांबलो. काझीही क़ाफचाच. त्याचं मधलं अक्षर अरबी लोक ड सारखं उच्चारतात, फारसी-उर्दूवाले झ सारखं. म्हणून यादीत क्यू-ए-डी-आय सापडतो! रोज जिच्यावरून जातो त्या गढीच्या नावात चार अक्षरी क्यू दडला होता, हा आनंद मी दोन दिवस पुरवून पुरवून घेतला.

आता किस्मत. तोही क़ाफचा, मग चुकलं कुठे? नियम एकाच दिशेने चालतो, हे मी ध्यानात घेतलं नव्हतं. यूविना क्यूचा अरबी शब्द दिसला तर मुळात क़ाफ असतोच, पण क़ाफ आहे म्हणून इंग्रजीत क्यू येईलच असं नाही. शब्द कोणत्या वाटेने आला यावर ते ठरतं. किस्मत तुर्की वाटेने आला, आणि इंग्रजीत के घेऊनच रुळला. म्हणून के-आय-एस-एम-ई-टी. कहवाचा झाला कॉफी, कुत्नचा कॉटन, अल-कलीचा अल्कली. तिघेही क़ाफवाले, तिघांतही क्यू नाही. जुने, रुळलेले शब्द के किंवा सीकडे गेले. क्यू टिकला तो बहुतेक अशा शब्दांत, जे लिहिणाऱ्यांनी अरबी अक्षर समोर ठेवून उतरवले. तालुक्याचं उदाहरण तर दोन्हीकडचं आहे. तालुका केने, पण तालुकदार टी-ए-एल-यू-क्यू-डी-ए-आर.

झिझिव्हा हे शब्द शोधण्याचं आणि पाठ करण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. मी शोधताना ‘यू नको’ अशी गाळणी लावली होती. तिने बुर्का, कानून हे वाद्य आणि यूमिअक ही इनुइटांची होडी, तिन्ही गळाले, कारण यू त्यांच्यात आहे, फक्त क्यूच्या मागोमाग नाही. गाळणी लावायची ती ‘क्यू-यू जोडी नको’ अशी. झिझिव्हाचा कार्डबॉक्स, म्हणजे शब्दांची कार्डं पुन्हापुन्हा विचारणारी सोय, मात्र अजूनही मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. डाव तपासायला क्वॅकल हा प्रोग्रॅम ठीक आहे, शब्द पाठ करायला नाही.

टाइल्सबद्दल विचारणा झाली होती. कोरीव अक्षरांच्या लाकडी टाइल्स दिसायला देखण्या, पण पिशवीत बोटाला अक्षर कळतं आणि मग वाद होतात. गुळगुळीत प्लास्टिकच्याच घ्या. पिशवी आईने खणाची शिवून दिली आहे, चांगली खोल आहे.

पुढच्या आठवड्यात एक्स सुरू करणार होतो. पण हे लिहिताना लक्षात आलं की क्यूची कार्डं लांबीनुसार लावणंच चूक आहे, ती मुळानुसार लावायला हवीत. क़ाफवाले एकीकडे. क्यू-ए-जे-ए-क्यू, म्हणजे कयाक होडी, आणि यूमिअक इनुइट थप्पीत. क्यू-आय आणि किगाँग चिनी. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षर मी एकटं ठेवणार होतो, पण ते तर क़ाफचं सख्खं भावंड. खुद्द रोमन क्यूही त्याच घरातला, फिनिशियन अक्षरातून आलेला. तेव्हा ते क़ाफच्याच थप्पीवर, सगळ्यांत वर. उरला टी-आर-ए-एन-क्यू, ट्रँक्विलायझर इंग्रजीतच तोडून केलेला. त्याला वेगळं कार्ड.

एक्स थांबेल. त्याआधी क़ाफचे सात अक्षरी घेतो. इन्किलाब आय-एन-क्यू-आय-एल-ए-बी, नुसते १८ गुण, सातही टाइल्स एकदम लावल्याचे, म्हणजे बिंगोचे, ५० धरून ६८. पाठोपाठ कव्वाली, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. मग आठ अक्षरी मुकादम, एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम.

आणि आज रात्री कार्डबॉक्समध्ये आणखी एक थप्पी टाकतोय, ‘क़ाफ आहे, क्यू नाही’ अशी. पहिलं कार्ड किस्मतचं.