आबांचे गुण

आबांचे वय ७६. तरुणपणी गंगावेशीच्या तालमीत घाम गाळलेला माणूस. आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन महिना लोटला नाही तोच ते पुन्हा सकाळचे रंकाळ्यावर जाऊ लागले. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकवार पाहून, "गडी खणखणीत आहे, दोन औषधांची पूर्ण डोसची केमो सोसेल," असे सांगितले, तेव्हा घरात कोणालाच शंका आली नाही.

दुसऱ्या मतासाठी गेलो, तेथील डॉक्टरबाईंनी मात्र तपासण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ऐकू कसे येते, गोळ्या स्वतः घेता का, गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का? "पडलो नाही ओ, न्हाणीत नुसता घसरलो," आबा म्हणाले, तेही प्रश्न दोनदा विचारल्यावर.

अशा उत्तरांना गुण देऊन वयस्क रुग्णाला केमोचा गंभीर त्रास होण्याचा धोका किती, हे आधी जोखण्याच्या या पद्धतीला कार्ग म्हणतात; जितके गुण अधिक, तितका धोका अधिक. अमेरिकेतील डॉ. आरती हुरिया व सहकाऱ्यांनी ६५ आणि त्यापुढील वयाच्या ५०० रुग्णांचा अभ्यास करून ती २०११ मध्ये मांडली. त्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना केमोचे गंभीर दुष्परिणाम झाले होते आणि रुग्ण किती हिंडता-फिरता आहे यावरून डॉक्टर जो अंदाज बांधतात, त्यावरून ते कोणाला होतील हे ओळखता आले नव्हते.

बाईंनी कागदावर बेरीज मांडली: वय ७२ किंवा अधिक, पचनमार्गाचा कर्करोग, पूर्ण डोस आणि एकाहून अधिक औषधे, प्रत्येकी २, कमी ऐकू येण्याचे २, पडण्याचे ३, गोळ्या आईच्या हातून घेण्याचा १. एकूण १४. दहा किंवा अधिक गुण म्हणजे सर्वांत वरचा गट, ज्यातील ८३ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.१, म्हणजे रिपोर्टवर नॉर्मल; पण वय आणि ५८ किलो वजन धरून हिशेब केल्यावर मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला ४७ मिलिलिटरच्या आसपास निघाली. तिचे गुण लागले नाहीत, कारण ते ३४ च्या खाली लागतात. तरी केमोच्या दोन औषधांपैकी एक असलेल्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचा डोस पाऊण करायला ती पुरेशी होती.

शेवटी तेवढे एकच औषध, पाऊण डोसने, सुरू झाले. गुण १० वर आले, म्हणजे गट तोच राहिला. म्हणून दर आठवड्याला रक्ततपासणी आणि जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन, असे ठरले.

पडण्याचे ३ गुण आबांना अजूनही मान्य नाहीत. त्यांच्या मते ते न्हाणीतल्या शहाबादी फरशीच्या नावावर लावायला हवेत.