रुळांपासून लांब उभं राहून: गोव्यातल्या गाड्या, फेरीबोटी आणि आमचे चार दिवस

माझे वडील मिरजेला रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज सकाळी आपल्या हद्दीतले रूळ तपासत चालायचे. त्यामुळे आमच्या घरात गाड्यांचं वेड सगळ्यांनाच आहे, आणि त्यासोबत एक नियमही आहे. ड्युटीवर नसलेल्या माणसानं रुळात पाय ठेवायचा नाही. या वेळी त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या साखळी गावी आत्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी आणि नववीतली लेक, दोघांनी मिळून बेत आखला: चार दिवस फक्त चालत्या वस्तूंचे फोटो. रेल्वे, फेरीबोटी, होड्या, जे मिळेल ते. तिच्याकडे फोन, माझ्याकडे जुना कॅमेरा आणि दोन लेन्स.

रात्री मिरजेहून गोवा एक्स्प्रेस धरली. या दिशेनं ती घाट अंधारात उतरते, खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नाही. घाट बघायचा असेल तर तो परतीला ठेवावा, कारण वास्कोहून गाडी दुपारी सुटते आणि उजेडात घाट चढते. आम्ही पहाटे मडगावला उतरलो. वास्को–कुळे मार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही या स्थानकात एकत्र येतात, त्यामुळे तासाभरात बरंच काही बघायला मिळतं. आधी स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन, घरासाठी फोटो काढतोय, फलाटावर उभे राहिलो तर चालेल का, असं विचारलं. ते हो म्हणाले, पिवळ्या पट्टीच्या मागे राहा म्हणाले. मागे एकदा दुसऱ्या एका स्थानकावर न विचारता ट्रायपॉड लावला होता, तेव्हा अर्धा तास चौकशीत गेला आणि गाडीही हुकली. तेव्हापासून मी आधी विचारतो. तिकीट मात्र खिशात असू द्या, प्रवासाचं नाही तर फलाटाचं.

फलाटावरच्या फोटोंसाठी दोन गोष्टी. येणाऱ्या इंजिनावर फ्लॅश कधीही मारू नका, समोर लोको पायलट आहे आणि त्याचे डोळे सिग्नलवर आहेत. दुसरं, वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांच्या कपाळावर गावाचं नाव एलईडीच्या पाटीवर झळकतं. शटर फार वेगवान ठेवलं तर ती अक्षरं फोटोत तुटकी येतात, कारण ते दिवे सतत पेटत-विझत असतात, आपल्या डोळ्याला कळत नाही एवढंच. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी उभी असताना शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा हळू ठेवा. धावत्या गाडीला सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगवान जावंच लागतं, तेव्हा पाटीचा नाद सोडा.

दुपारी कुठ्ठाळीला आलो. जुवारी नदीवर रस्त्याचे पूल आहेत आणि त्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे पूर्वेला, कोकण रेल्वेचा पूल. नवा केबलचा पूल 2022च्या अखेरीस सुरू झाला. त्याचं रूप देखणं असल्यामुळे सगळे तिथेच थांबू बघतात. पुलावर गाडी थांबवू नका, मागून ट्रक येत असतात. खाली नदीकाठी उतरलं की दुपारनंतर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि रेल्वेचा पूल समोर उजळतो. मुंबईची वंदे भारत दुपारी मडगावहून सुटते आणि थोड्याच वेळात या पुलावर येते. आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो होतो. गाडी पुलावर चढल्यावर लेकीनं फोन आडवा धरला, गाडीच्या तोंडावर बोट दाबून फोकस आणि उजेड बांधून ठेवला आणि सलग फोटो घेतले. पाण्यात पडलेली पांढरी गाडी तिच्या फोटोत आली. माझ्या लांब लेन्समध्ये फक्त डबे आले, नदी राहिली बाहेर. पुलावर छोटी लेन्स लावायची हे मला तिथे पुन्हा पटलं.

येताना वेर्ण्याला थोडं थांबलो. 1999 सालापासून कोकण रेल्वे कोलाडहून ट्रक थेट वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर, चढवून आणते, ती रो-रो गाडी इथे येते. चालक आपापल्या ट्रकच्या केबिनमध्येच बसून आलेले असतात. त्या दिवशी आम्हाला गाडी मिळाली नाही.

दुसरा दिवस फेरीबोटींचा, आणि खरं सांगायचं तर गोव्यात वाहनांचे फोटो काढायचे तर सगळ्यात आधी फेरीबोटीवर जा. त्या सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या आहेत. जुन्या फेरीबोटींवर पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. चोडणच्या मार्गावर 2025 मध्ये मोठ्या रो-रो बोटीही आल्या. आत्याचे यजमान सांगत होते, 5 जुलै 1986 ला पणजीचा नेहरू पूल कोसळला तेव्हा सगळा भार या बोटींवरच आला होता. ते तेव्हा पणजीत नोकरीला होते. बेतीच्या धक्क्यावर सकाळी उभं राहायला जागा नसायची, डबा डोक्यावर धरून चढायचो, म्हणाले.

आम्ही जुन्या गोव्याहून दिवाडीला गेलो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ धक्क्यावर उतरतो. कमानीच्या अलीकडे उभं राहून नदीकडे बघितलं की आपलं तोंड उत्तरेला असतं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दिवसभर उजेड मागून येतो. काळसर दगडाच्या कमानीत बोट धक्क्याला टेकलेली, तिच्यातून शाळेची मुलं, दुधाचे कॅन, स्कूटर बाहेर पडतायत, हा फोटो घाई न करता मिळतो. एक बोट गेली तर दुसरी येतेच.

बोटीवर मी ट्रायपॉड उघडला आणि लगेच मिटला. इंजिनाच्या थरथरीनं पायही थरथरतात, तिथे ट्रायपॉड काय करणार. हातात धरून, कोपर अंगाला चिकटवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवून काढलेलेच फोटो नीट आले. सगळ्यात चांगली वेळ बोट टेकतानाची. लोखंडी रॅम्प सिमेंटच्या उतारावर घासत टेकतो, मोठा खरखर आवाज होतो, खलाशी कडेला वाकून अंतर बघत असतो आणि स्कूटरवाले इंजिन सुरू करून पुढे सरकलेले असतात. लेक त्या क्षणासाठी पुढे गेली तर खलाशी ओरडला, "पाटीं सर गो बाय!" ती मागे आली. नंतर त्यानंच तिला चालकाच्या केबिनखालची जागा दाखवली. तिथून सगळी बोट दिसते आणि कुणाच्या वाटेत येत नाही. त्याचा फोटो काढू का विचारलं तर त्यानं आधी टोपी नीट केली. तो फोटो आत्याच्या शेजाऱ्यांच्या हाती पाठवायचं कबूल केलंय, या महिन्यात पाठवतोय.

दिवाडी बेटावरून कोकण रेल्वेचा मार्ग जातो हे अनेकांना माहीत नसतं. खाली खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली शेतं, पाणी, बगळे आणि मधूनच भरावावरून जाणारी गाडी. आम्ही शेताच्या बांधावर, रुळांपासून चांगले लांब, करमळीकडे पाठ करून थांबलो. मी उत्तरेकडून मांडवी एक्स्प्रेस येईल म्हणून तिकडे कॅमेरा रोखून सव्वा तास बसलो, आणि पाठीमागून मालगाडी धडधडत आली. इथे एकेरी मार्ग आहे, त्याच रुळावर दोन्हीकडून गाड्या येतात. मालगाडीची वेळ कुठल्याच ॲपमध्ये नसते हे कीमनच्या मुलाला कळायला हवं होतं. मला खूप वाईट वाटलं, कारण त्या वेळी उजेड अप्रतिम होता. म्हणून सांगतो, अशा जागी दोघं असाल तर दोघांनी दोन दिशांना बघा. आणि पावसाळ्यात येणार असाल तर लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात आणि वेळा बदलतात.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी आहे. तिनं पलीकडे गेलं की शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ जवळ आहे. तिथून डिचोलीवरून साखळी. आमचा तो घरी जायचा रस्ताच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालीमच्या मासळी धक्क्यावर गेलो. ट्रॉलर रांगेनं लागलेले, निळे-हिरवे-भगवे, बर्फाचे तुकडे पायाखाली. इथे जमीन निसरडी असते, रबरी तळव्याच्या चपला घाला आणि टोपल्या घेऊन धावणाऱ्या माणसांना आधी वाट द्या. ती त्यांची कामाची घाईची वेळ असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा आलात तर धक्क्यावर एवढी धावपळ नसेल, पण सगळे ट्रॉलर एकत्र नांगरलेले बघायला मिळतील, जाळी दुरुस्त करणारी माणसंही निवांत भेटतील.

परतताना पणजीत पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल टॅक्सी. हे वाहन गोव्याचं खास आहे. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवला की पायलट स्पष्ट आणि मागची भिंत पुसट येते. दहातले आठ वाया जातात, तरी काढत राहावं.

रात्री साखळीजवळच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्रिपुरारीचा नौकोत्सव. लोक आठवडे खपून बनवलेल्या नौकांच्या प्रतिकृती दिवे लावून पाण्यात सोडतात. शिडाची गलबतं, लढाऊ जहाजं, काही तर माणसाच्या उंचीच्या. चार दिवसांतला माझा सर्वांत आवडता कार्यक्रम हा. काठावर सूर्यास्ताआधी पोहोचा, नंतर पुढे सरकता येत नाही. आकाशात थोडी निळाई शिल्लक असताना काढलेले फोटो पुऱ्या काळोखातल्यापेक्षा कितीतरी सरस येतात. नौका डुलत असते, म्हणून साठाव्या भागापेक्षा हळू जाऊ नका, आयएसओ तीन हजारांच्या पुढे गेला तरी जाऊ दे. आत्याच्या शेजारच्या दोन भावांची नौका होती. सोडताना थोरला कमरेपर्यंत पाण्यात उतरला, धाकटा काठावरून "हळू रे, हळू!" करत होता. मी नौकेचे फोटो काढत होतो. लेकीनं धाकट्याचा चेहरा काढला, नौकेच्या दिव्यांनी उजळलेला. आत्यानं तोच फोटो मागून घेतला.

चौथ्या दिवशी वास्कोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय पाहिलं. मोकळ्या आवारात जुनी विमानं आहेत, सुपर कॉन्स्टेलेशन तर बघतच राहावं असं. सोमवारी बंद असतं. मात्र दाभोळी हा नौदलाचा तळ आहे आणि मुरगाव हे बंदर, त्या परिसरात कॅमेरा आणि ड्रोन बॅगेतच ठेवा.

आता दूधसागर, कारण सगळे तेच विचारतात. रुळांवरून चालत तिथे जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण तो भाग सोडा. घाटात वळणं आहेत, बोगदे आहेत, धबधब्याच्या आवाजात गाडीचा आवाज बुडतो. बोगद्यात सापडलेल्या माणसाला अंग चोरायलाही जागा नसते. पाऊस संपला की कुळ्याहून जीप जंगलातून धबधब्याच्या पायथ्याशी नेतात. तिथून वर बघितलं की 310 मीटरचा धबधबा आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा पूल एकाच चौकटीत येतो. फोटो तिथूनच चांगला मिळतो. मागच्या खेपेला आम्ही तसंच केलं होतं.

या वेळी गाडीतून पाहिला. कुळ्याला गाडी थांबते आणि मागे बँकर इंजिनं जोडतात. पुढचा चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे, एवढ्या चढावर मागून जोर हवाच. गाडी इतकी सावकाश चढते की खिडकीच्या गजांना हात टेकवून सरळ फोटो काढता येतात. दारात लटकायची काहीच गरज नाही. काच असेल तर लेन्स अगदी तिला चिकटवा, म्हणजे डब्यातले दिवे फोटोत येत नाहीत.

धबधबा गेला, डब्यातला गलका शांत झाला. पुढच्या एका वळणावर रुळांची डागडुजी करणारे गँगमन उभे होते, सहा-सात जण, डोक्याला मफलर, हत्यारं खाली ठेवलेली. लेकीनं खिडकीतून एकच फोटो काढला. उजेड जवळजवळ गेला होता, फोटो हलला.

मिरजेला दुसऱ्या दिवशी बाबांना सगळे फोटो दाखवले. पूल, बोटी, नौका, सगळं त्यांनी पाहिलं. त्या हललेल्या फोटोवर मात्र थांबले, चष्मा वर करून फोन जवळ धरला आणि बोटानं दाखवलं, "बघ, सगळे एकाच बाजूला उभे आहेत."