तापात दोन मुले आणि तीन कामे

आदल्या रात्री कामांची यादी केली, तेव्हा ती अगदी किरकोळ वाटली होती. मुलांचे तापाचे औषध संपले होते ते आणायचे, एका कार्यालयात मुदत संपण्याआधी एक कागद द्यायचा आणि परत पाठवायचे एक पार्सल पोचते करायचे. तिन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत. सकाळी उठलो तेव्हा मात्र अंग मोडून आले होते, घसा धरला होता आणि तापमापीवर ३८.६ अंश सेल्सिअस दिसत होते. पत्नी कामानिमित्त बाहेरगावी गेलेली, थोरली चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, आणि त्या दोघांना तासभर कोणाकडे ठेवावे असे त्या दिवशी कोणी हाताशी नव्हते.

लहान मुले बरोबर असली की बाहेरचे काम किती मोठे आहे हे अंतरावरून ठरत नाही, किती दारे ओलांडावी लागतात यावरून ठरते, असे माझे मत त्या दिवशी पक्के झाले. एक दार म्हणजे चपला-बूट, कोण पुढे जाणार यावरचा वाद, एकाला कडेवर घेणे, दुसरीचा हात धरणे, आणि आत गेल्यावर काहीतरी हवे असणे. धडधाकट माणूस हे सगळे न मोजता करून जातो. अंगात ताप असताना मात्र प्रत्येक दाराशी ताकदीचा साठा थोडा कमी होतो, आणि तीन कामे म्हणजे जाऊन-येऊन आठ दारे होतात, हा हिशेब मी बूट घालता घालता केला. पार्सल तरीही पिशवीत टाकलेच. यादीतले एखादे काम घरीच सोडून जाण्याइतका शहाणपणा तेव्हा सुचला नाही.

ताप उतरवणारी गोळी घेतल्यावर लगेच निघू नये, एवढे मात्र पथ्य पाळले. पॅरासिटामॉलचा गुण यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. त्यामुळे गोळी घेऊन अर्धा तास जमिनीवर आडवा झालो आणि मुलांना माझ्या पोटावरून ठोकळ्यांचा रस्ता बांधू दिला. सर्दीची गोळी जाणूनबुजून घेतली नाही. तिच्यातल्या जुन्या प्रकारच्या अँटिहिस्टामिनमुळे, म्हणजे शिंका आणि वाहते नाक थांबवणाऱ्या औषधामुळे, झापड येते, आणि रस्त्यावर दोन मुलांना सांभाळताना झापड परवडणारी नाही. शिवाय अशा पुष्कळ गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर नकळत मात्रा दुप्पट होते. गाडीही काढली नाही, चालतच निघालो.

खरे तर ताप असताना चार लोकांत जाऊच नये. जाणे भाग होते म्हणून मुखपट्टी लावली, आणि तिचा जो परिणाम झाला त्याचा मी विचारच केला नव्हता. बसलेल्या घशातून निघणारा आवाज पट्टीआड आणखी दबत होता, त्यामुळे ‘थांब’ हा शब्द थोरलीपर्यंत पोचत नव्हता. आणि कडेवरच्या धाकट्याला माझे तोंड दिसेनासे झाल्यामुळे तो दर पाच पावलांनी पट्टी हनुवटीखाली ओढून, आत मीच आहे ना याची खात्री करून घेत होता. शेवटी थोरलीशी ठरवले की मी हात दोनदा दाबला की थांबायचे. तिला तो खेळ आवडला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “बाबा, तुझा हात किती गरम आहे.” तिचा हात गार आहे हे मलाही तेव्हाच जाणवले.

औषधांच्या दुकानात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मी नेहमीच्या सवयीने ‘मुलांचे तापाचे पातळ औषध’ एवढेच सांगितले. काउंटरमागच्या बाईंनी मुलांची वजने विचारली, आणि मला एकाचेही आठवेना. वयावरून अंदाजे चालेल का असे मी विचारल्यावर त्यांनी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या: एकीत ५ मिलीलिटरमध्ये १२० मिलीग्रॅम औषध, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीलिटरमध्ये २५० मिलीग्रॅम. चमचा तोच, औषध दुपटीहून अधिक. लहान मुलांसाठी एका वेळची मात्रा सर्वसाधारणपणे दर किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम धरतात, हे मला माहीत होते. घरी निवांत बसून मी तो हिशेब केलाही असता. पण कानात दडे बसलेले, धाकटा बाटलीच्या झाकणाकडे झेपावतो आहे आणि थोरली “मी पैसे देणार” म्हणून पाय आपटते आहे, अशा स्थितीत मला गुणाकार जमेना. मी बाईंना तसे सरळ सांगितले. त्यांनी पत्नीला फोन करून वजने विचारायला लावली, मात्रा खोक्यावर पेनाने लिहून दिली आणि तोवर मागच्या दोन गिऱ्हाइकांना थांबवून धरले.

दुकानाबाहेर आल्यावर मी थोरलीवर ओरडलो. तिने केले काय होते, तर पायरीवर बसून उलटसुलट घातलेले बूट काढून नीट घालायला घेतले होते. संसर्गाशी झुंजताना शरीरात जी सायटोकाइन नावाची रसायने तयार होतात, त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो; माणूस चिडचिडा होतो, त्याचे लक्ष लागत नाही. मला हे वाचून ठाऊक होते, पण माहिती असल्याने आवाज खाली येतो असे नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगितले की मला ताप आहे म्हणून मी ओरडलो, तुझे काही चुकले नाही. तिने विचार करून विचारले, “मग तुला बाटलीतले औषध देऊ का?”

कार्यालयात फारसे काही घडले नाही. कागद घेतला, शिक्का मारला, पोच दिली. तिथल्या एका गृहस्थांनी “एकट्याने दोघांना घेऊन आलात, कमाल आहे!” असे कौतुक केले. अशाच तापात पत्नी याच दोघांना घेऊन हिंडली होती तेव्हा तिला कोणी कमाल म्हटले नव्हते, उलट रडणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले होते. पण वाद घालायला घशात आवाज उरला नव्हता.

बाहेर पडलो तेव्हा धाकटा खांद्यावर झोपला होता. झोपलेले मूल जागेपणीपेक्षा जड लागते, कारण ते स्वतःहून आपल्याला धरून राहत नाही. घामाने पाठ भिजली होती, म्हणजे ताप उतरत होता, आणि नेमक्या त्याच वेळी बरे वाटू लागल्यामुळे पार्सलचे कामही उरकून टाकावे असा मोह झाला. ते ठिकाण समोर दिसतही होते. मी बरा झालो नव्हतो, गोळीने चार तास उसने दिले होते, आणि त्यातले दोन घरी जेवण भरवायला लागणार होते. थोरलीचा हात दोनदा दाबला, ती थांबली, आणि आम्ही घराकडे वळलो.

दारात पोचल्यावर धाकट्याला न जागवता बूट काढणे जमले नाही, तेव्हा त्याला बुटांसकट गादीवर ठेवले. औषध वरच्या कप्प्यात गेले. पार्सल अजून त्याच पिशवीत, दाराच्या खुंटीला आहे.